कोकणकड्यावर लवंडलेला तंबू

ताई,

डिसेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि दहा वर्षांची मुलगी, पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. ऑनलाइन मागवलेला, पिशवीतून काढून फेकला की आपोआप उघडणारा तंबू होता. त्यावर ‘चार माणसांसाठी’ असं लिहिलं होतं. कोकणकड्याजवळ लावला. खाली कातळ, एकही खुंटी आत जाईना, म्हणून चारी कोपऱ्यांत सॅक ठेवल्या. मध्यरात्री छतातून थेंब पडायला लागले. पाऊस नव्हता, वर चांदणं लख्ख. दोनच्या सुमारास वारा सुटला आणि तंबू आमच्यासकट एका बाजूला लवंडला. उरलेली रात्र गडावरच्या एका मावशींच्या झापात चुलीपाशी बसून काढली.

आता नवरा म्हणतो, हॅमॉक घेऊ. त्याचा जुना ट्रेकर मित्र म्हणतो, तंबू म्हणजे शहरी चोचले, गुहेत झोपा. दुकानदार म्हणतो, बर्फात चालणारा चार जणांचा घ्या, पुन्हा बघायला नको. पुढे जानेवारीत रतनगड, मग दापोलीकडचा समुद्र आणि पावसाळ्यात एखादा गड असा बेत आहे. पैसे एकाच वस्तूचे आहेत. काय घेऊ? मुलगी रोज विचारते, परत कधी जायचं.

— एक वाचक, नाशिक


तुमचं पत्र वाचताना आधी पोटात गोळा आला तो त्या ‘एका बाजूला’ या शब्दांनी. तंबू काठापर्यंत सरकला नाही, हे तुमचं नशीब. म्हणून खरेदीच्या आधी ही गोष्ट पक्की करा: कोकणकड्याच्या काठाजवळ तंबू लावायचा नाही. फोटोसाठी लावतात, मलाही माहीत आहे. काठापासून भरपूर आत, शे-दोनशे पावलं तरी, आणि मधे एखादी उंचवट्याची ओळ असेल तर फारच छान. दिवसा कोकणातला वारा त्या अर्धगोल भिंतीवर आपटून सरळ वर चढतो, इतका की हलकी वस्तू खाली टाकली तर परत तोंडावर येते. त्यामुळे संध्याकाळी आपण पश्चिमेकडे पाठ करून तंबू लावतो आणि निश्चिंत होतो. हिवाळ्यात रात्री बऱ्याचदा हा वारा फिरतो, घाटमाथ्यावरून कोकणाकडे वाहायला लागतो. म्हणजे ज्या बाजूला तुम्ही दार ठेवलं, तिकडूनच तो आत शिरतो आणि तंबूचं शीड होतं. तुमचं नेमकं हेच झालं असणार.

आता थेंबांकडे. ते पाणी तुमचंच होतं. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. तुम्ही तिघं, वर बहुतेक चढताना घामेजलेले कपडे आत वाळत टाकलेले. बाहेर हवा गार, नायलॉनचं कापड त्याहून गार, त्यातून वाफ बाहेर जायला वाट नाही. ती छतावर थिजली आणि वाऱ्याने कापड हललं की तुमच्या अंगावर पडली. आपोआप उघडणारे बहुतेक तंबू एकाच थराचे असतात, दार बंद केलं की पिशवीत बसल्यासारखंच. दुकानात मात्र तो ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात, आणि ते खोटंही नसतं. पाणी बाहेरून आत येत नाही तसं आतून बाहेरही जात नाही.

माझी आजी वारीला जायची तेव्हा दिंडीच्या राहुटीत झोपायची. जाड सुती कापड, एकच थर, तरी सकाळी अंथरूण कोरडं. सुती कापडातून वाफ झिरपून बाहेर जाते. पण राहुटी ट्रकमधून येते, पाठीवरून नाही. तुम्ही कधी भंडारदऱ्याला गाडीने जाऊन गाडीशेजारीच मुक्काम करणार असाल, तर तसला जड कापडी तंबू आजही सगळ्यात सुखाचा. गड चढायचा असेल तर नायलॉन किंवा पॉलिएस्टरच घ्यावं लागतं, आणि मग थर दोन हवेत: आतला जाळीचा, ज्याला ट्रेकर ‘इनर’ म्हणतात, आणि वरून वेगळा ताणलेला ‘आउटर’. वाफ जाळीतून जाते, आउटरवर थिजते आणि त्याच्या आतल्या अंगावरून घरंगळत खाली जाते. तुम्ही कोरडे राहता. अट एकच, दोन थर एकमेकांना चिकटता कामा नयेत आणि वरची हवा खेळायची झडप थंडी वाजली तरी बंद करायची नाही. ही झडप बंद करण्यावरून आमच्या घरात भांडणं झाली आहेत, तुमच्याकडेही होतील.

तिसरी गोष्ट कातळ, आणि तुमची खरेदी ठरवणारी गोष्ट हीच आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये तंबू मऊ हिरवळीवर लागतो, खुंटी हाताने दाबली की आत. आपल्या गडमाथ्यांवर चार बोटं मातीखाली बसाल्ट लागतो. त्यामुळे ज्या तंबूंना उभं राहायलाच खुंट्या लागतात, म्हणजे बोगद्याच्या आकाराचे किंवा चालायच्या काठीवर उभे राहणारे हलके तंबू, ते इथे रुसून बसतात. वजनाला मोहक असतात, अर्ध्या किलोने हलके, पण सह्याद्रीत पहिला तंबू म्हणून मी कुणालाच सुचवणार नाही. आपल्याला हवा तो साधा घुमट: दोन लवचीक दांड्या एकमेकींना छेदून वाकवलेल्या, उचलून इकडून तिकडे नेला तरी उभाच. खुंटीच्या जागी डोक्याएवढा दगड. दोरी दगडाला नुसती गुंडाळायची नाही, घासून तुटते. दोरीच्या फासात आडवी काडी घालायची आणि काडीवर दगड ठेवायचा, मग वरून आणखी एक. आणि दोऱ्या ताणायच्या त्या सगळ्या. बरेच जण आउटरच्या मधल्या दोऱ्या पिशवीतच ठेवतात, कारण संध्याकाळी वारा नसतो. वारा दोन वाजता येतो, तुम्हाला आता सांगायला नको. कोपऱ्यांत सॅक ठेवणं पुरत नाही. सॅकनी तळ धरला, पण वरचा भाग मोकळाच होता.

दगड घेताना गडाच्या तटाचे, जोत्यांचे, समाध्यांचे उचलू नका. एवढं तुम्हाला कळतं हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी माणसं रचलेला दगड काढताना पाहिली आहेत.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन थरांचा, घुमटाच्या आकाराचा, तीन माणसांचा तंबू. चारचा नाही. खोक्यावरचा ‘तीन’ म्हणजे तीन माणसं खांद्याला खांदा लावून, प्रत्येकी साधारण दोन फूट रुंदी. तुमच्यातली एक दहा वर्षांची आहे, त्यामुळे तुम्हाला तो ऐसपैस होईल. सॅक आउटरच्या पुढच्या ओसरीत ठेवायच्या. चारच्या तंबूला लागणारी सपाट जागा गडावर सापडत नाही, त्यात वारा जास्त भरतो, आणि आतली जास्तीची हवा गरम करायला तुमच्याकडे तुमच्या तिघांच्या अंगांशिवाय काही नाही. वजन तीन किलोच्या आसपास असू दे. दांड्या एकाच्या सॅकमध्ये, कापड दुसऱ्याच्या. दांड्या ॲल्युमिनियमच्या परवडल्या तर घ्या. फायबरच्या दांड्या जुन्या झाल्या की उभ्या चिरतात आणि त्यांची कुसळं बोटात जातात.

कापडावर 1500, 2000, 3000 असे मिलिमीटरचे आकडे छापलेले असतात. त्याचा अर्थ सोपा आहे: त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तिथवर ते गळत नाही. 2000 म्हणजे दोन मीटर पाणी. आउटरला 2000 आपल्याकडे हिवाळ्याला आणि अवकाळी सरीला भरपूर झाले. तळाला जास्त हवा, कारण तुमचा गुडघा ओल्या जमिनीवर टेकतो तेव्हा दाब एका ठिकाणी येतो. दहा हजारचा आकडा दाखवून कुणी दुप्पट पैसे मागितले तर नमस्कार करून निघा.

दुकानदाराचा बर्फाचा तंबूही नको. तो बर्फाचं ओझं पेलायला आणि उडतं बर्फ आत येऊ न द्यायला बनवलेला असतो. त्याचा इनर जाळीचा कमी आणि कापडाचा जास्त. फेब्रुवारीच्या कोकणात त्यात तुम्ही इडलीसारखे उकडून निघाल. हिमालयात बर्फावर जायची वेळ येईल तेव्हा तो भाड्याने मिळतो.

आणि तंबू ऊब देतो ही समजूत सोडा. तो वारा अडवतो, दव अडवतो, किडा-मुंगी अडवतो. ऊब अंगाखालच्या मॅटची आणि पांघरुणाची. जमीन रात्रभर तुमच्या पाठीतून उष्णता ओढत असते, आणि झोपण्याच्या पिशवीतला अंगाखालचा कापूस दबून गेला की तो निरुपयोगी. तंबूवर हजार रुपये कमी खर्च करा, पण तिघांना प्रत्येकी एक जाड फोमची मॅट घ्या. घरात धनगरी घोंगडी असेल तर मॅटवर ती अंथरा. टोचते, वास मारते, आणि थोडीफार ओली झाली तरी ऊब धरून ठेवते. धनगर ती पावसात डोक्यावर घेऊन उभे असतात ते उगाच नाही.

जागेचं एक नाशिककरांना लगेच पटेल असं. निफाडचा पारा का पडतो? गार हवा जड, ती रात्री उतारावरून घरंगळत सखल भागात साचते. तंबूचंही तेच. ओढ्याकाठची, तलावाकाठची खोलगट सपाटी दिसायला देखणी, पण रात्री ती थंडीचं तळं होते आणि दव दुप्पट पडतं. दहा-वीस फूट वर सरकलात तरी फरक जाणवतो. वर म्हणजे शिखरावर नव्हे. शिखरावर वारा, खळग्यात गारठा. मधल्या उतारावरची, पाठीशी खडक किंवा झुडपांची रांग असलेली पायरी शोधायची. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तर कोणत्याही ऋतूत नाही. तुमच्यावर पाऊस पडला नाही तरी वरच्या डोंगरावर पडलेलं पाणी तिथूनच येतं.

गुहावाल्या मित्राचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. माझ्या पहिल्या दहा वर्षांत माझ्याकडे तंबूच नव्हता. राजगडावर पद्मावतीच्या देवळात, तोरण्यावर मेंगाईच्या देवळात, रतनगडाच्या दरवाजाजवळच्या गुहेत अशा अनेक रात्री गेल्या, आणि वारा कितीही उठला तरी डोक्यावरचं छप्पर हललं नाही. रतनगडाला जानेवारीत जाताय, गुहा रिकामी असेल तर जरूर झोपा. पण शनिवारी ती रिकामी नसते. तुमच्या आधी पोचलेल्या पंचवीस जणांच्या टोळीत स्पीकर घेतलेला एक असतोच. दुसरं, गुहेला दार नाही, तळ नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की माणूस झोपेत कूस बदलून पुन्हा झोपतो. हे घाबरवायला लिहीत नाही. उपाय फार स्वस्त आहे: मच्छरदाणी, आणि तिच्या कडा मॅटखाली नीट खोचलेल्या. नाहीतर गुहेतच तंबूचा नुसता इनर उभा करा. घुमट असल्याने खुंटी लागत नाही, आउटर खालीच ठेवून जायचं, वजनही वाचतं. मी हल्ली हेच करते. सकाळी बूट झटकून घालायची सवय मुलीला आत्ताच लावा, विंचवाला बूट फार आवडतात.

गुहेत चूल मात्र नको. छताला आग्या मोहोळ असलं तर धुरानं ते उठतं आणि मग पळायला जागा नसते. शिवाय या गुहांपैकी कित्येक लेणी आहेत. नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. अशा भिंतींना काजळी धरवून भात शिजवणारे लोक ‘आम्ही जुने ट्रेकर’ म्हणूनच मिरवतात. तंबूच्या आत तर स्टोव्ह, निखारे, शेगडी काहीही पेटवू नका. कापड भस्सकन पेटतं, आणि नाही पेटलं तरी बंद जागेत निखाऱ्यांचा वायू वास न येता झोपेतच माणूस संपवतो.

आता हॅमॉक. नवऱ्याला सांगा, कल्पना वाईट नाही, गाव चुकलं. हॅमॉकला चार-पाच मीटरवर दोन दणकट झाडं लागतात. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर आहे कारवी. कारवीला बांधलेला हॅमॉक बघायला मी स्वतः येईन. शिवाय तुम्ही तिघं, म्हणजे तीन हॅमॉक, तीन मच्छरदाण्या, वरून ताडपत्री, आणि मधल्या झाडांवर कोण कोणाच्या शेजारी यावरून वाद. हॅमॉकखालून वारा जातो, त्यामुळे थंडीत पाठ गोठते. तरी दापोलीच्या दौऱ्यात, सुरूच्या बनात, दुपारच्या झोपेला त्याला तोड नाही. रुंद पट्ट्यांनी बांधा म्हणजे साल सोलत नाही, फार ताणू नका, थोडा झोळ राहू द्या, आणि त्यात लांबीला सरळ न झोपता तिरकं झोपा, पाठ सपाट राहते. माडाखाली बांधू नका. नारळ पडायची वेळ सांगून पडत नाही.

समुद्रावर तोच घुमट चालेल. फक्त तिथे उलटी अडचण: खुंटी शिरते पण टिकत नाही. कापडी पिशवीत वाळू भरा, दोरी तिला बांधा आणि ती हातभर खोल पुरा, मग ओढून बघा. भरतीची खूण म्हणजे वाळूवरची काडीकचऱ्याची ओळ. पण ती परवाच्या भरतीची असू शकते, आणि पुनवेला-अवसेला उधाण त्याच्याही वर येतं. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दिवसाही आणि रात्रीही. मुक्कामाच्या तिथीचा हिशेब मुलीला करायला द्या. आणि अंजर्ले, केळशी, वेळास या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पुढे पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तिथे वाळूत तंबू आणि दिवे नकोत. गावातल्या घरात राहा, पहाटे किनाऱ्यावर जा.

पावसाळी गडासाठी माझा सल्ला कुठलीच वस्तू न घेण्याचा आहे. सह्याद्रीतला जुलै तंबूत काढायचा नसतो. एकदा मी काढला आहे. तंबू गळला नाही, पण खालून पाण्याचा ओघळ गेला आणि आम्ही रात्रभर पाण्याच्या गादीवर झोपल्यासारखे डुचमळलो, आणि सकाळी आवरताना चिखलासकट दुप्पट वजन झालेला तंबू घरी वाळवायला तीन दिवस लागले. राजमाचीला उधेवाडीत, रतनवाडीत, पाचनईत लोक घरी जेवणासह उतरवून घेतात. पडवीत कोरडं अंथरूण, बाहेर धो धो, चुलीवर भाकरी. पैसे गावात राहतात आणि पोर आजारी पडत नाही. रात्र गावात, चढाई दिवसा.

मुक्कामाचे नियमही आधी विचारा. हरिश्चंद्रगड आणि रतनगड दोन्ही अभयारण्याच्या हद्दीत येतात, वन विभागाच्या नाक्यावर शुल्क भरावं लागतं, आणि गडावर कुठे राहता येतं, कुठे नाही, हे बदलत असतं. पायथ्याच्या गावात एक फोन केला की कळतं. आदल्या दिवशी करा, आठवडाभर आधी नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण बाई म्हणून सांगते: रात्री लघवीला जायची जागा उजेड असताना ठरवून ठेवा, वाट एकदा चालून बघा, टॉर्च दाराशी बांधून ठेवा. अंधारात काठाकडे भरकटणं तंबू उडण्यापेक्षा जास्त धोक्याचं. दोन दारांचा तंबू मिळाला तर थोडे जास्त पैसे पडले तरी घ्या, म्हणजे मधल्याला ओलांडून जावं लागत नाही.

लगेच विकत घेऊ नका. रतनगडाला एकदा भाड्याचा तंबू न्या; नाशकात, पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे आहेत, आणि पायथ्याच्या गावांतही मिळतो. तो लावताना, झोपताना आणि आवरताना काय खटकलं ते लिहून ठेवा. मग दुकानात जा, तंबू तिथेच उभा करायला लावा आणि तिघंही आत जाऊन आडवे व्हा. नवऱ्याचे पाय आणि डोकं दोन्ही टोकांना कापडाला लागत असतील, तर सकाळी ती दोन टोकं ओली असणार. दुकानदार ओशाळेल, तुम्ही ओशाळू नका. जुना तंबू टाकू नका, गच्चीवर उन्हात मुलीला खेळायला छान आहे.

नवा घरी आला की पहिली रात्र गच्चीवरच. खुंटी तिथेही शिरणार नाही, म्हणजे सराव आपोआप होईल. दगडांऐवजी पाण्याने भरलेल्या बादल्या घ्या. खुंट्या, दोऱ्या आणि काड्या मोजून पिशवीत भरण्याचं काम मुलीकडे द्या. जाताना किती होत्या आणि येताना किती, याची वही तिनेच ठेवायची. परत कधी जायचं याचं तिला उत्तर सांगा: पिशवी मोजून झाली, की पुढच्या शुक्रवारी.